सात सीट, सीएनजी आणि एसी: एकाच इकोत तिन्ही आलं कुठून?

कळव्याहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आवरून देतो:

‘आम्ही घरात सहाजण. मी, हे, दोन मुलं (एक नऊ वर्षांचा, धाकटी पाचची) आणि सासू-सासरे. गाव ओतूरजवळ. दरवेळी कल्याणला जायचं, एसटीची वाट बघायची, त्यात सासऱ्यांचे गुडघे गेलेत. म्हणून गाडी घ्यायची ठरली. नणंदेच्या यजमानांच्या ओळखीतले एकजण कोपरखैरण्याला राहतात, त्यांची मारुती इको विकायची आहे. २०१८चं मॉडेल, सात सीटर, सीएनजी, एसी, ५८ हजार किलोमीटर चाललेली, एकच मालक. ३ लाख ६० हजार सांगतायत. दसऱ्याला टोकन देऊन टाकू असं हे म्हणतात. माणूस ओळखीचा, फार तपासत बसलो तर बरं दिसणार नाही, असंही म्हणतात. मला गाडीतलं काही कळत नाही, पण पैसे माझ्या भिशीचे आणि पीएफचे आहेत. काय काय बघायचं? आणि मुळात इको घ्यावी का? स्पष्ट सांगा.’

ताई, नमस्कार.

इको घ्यावी का ते नंतर सांगतो. आधी तुमच्या पत्रातले तीन शब्द घेऊ, कारण सगळी मेख तिथे आहे: सात सीटर, सीएनजी, एसी.

मारुती त्या काळात सात सीटर इको विकायची ती पेट्रोलवरची आणि बिना-एसीची. एसी हवा असेल तर पाच सीटर घ्यायची. कंपनीचा सीएनजीही पाच सीटरलाच मिळायचा, आणि त्याचं कारण सरळ आहे. सिलिंडर दुसऱ्या रांगेच्या पाठीमागे आडवा बसतो, म्हणजे सात सीटरमध्ये तिसरी रांग असते नेमका तिथेच. तेव्हा तुम्हाला दाखवलेल्या गाडीत यातलं काहीतरी शोरूममधून बाहेर पडल्यावर झालेलं आहे. काय झालंय ते आरसी वाचून पाच मिनिटांत कळेल.

आरसीवर दोन रकाने बघा. आसनक्षमता किती, आणि इंधन कोणतं. आसनक्षमतेचा आकडा चालक धरून असतो.

तिथे ५ लिहिलं असेल तर गाडी मुळात पाच सीटर आहे आणि मागची सीट कुणीतरी बाजारातून आणून ठोकलेली आहे. मग ती सात सीटर नाहीच. पुढे दुर्दैवाने काही झालं तर विमा कंपनीचा माणूस नोंद किती जणांची आणि आत बसले होते किती, हे बघणारच. तिथे ७ असेल आणि इंधनापुढे नुसतं पेट्रोल असेल, तर सीएनजी किट आरटीओत नोंदवलेलं नाही. अशी गाडी ओळखीची असो की बिनओळखीची, किट नोंदवून घेतल्याशिवाय हात लावू नका. ७ असेल आणि इंधन पेट्रोल/सीएनजी असेल, तर बाहेरून किट लावून रीतसर नोंद केलेली आहे. हे कायद्याने चालतं. पण मग सिलिंडर नेमका कुठे बसवलाय ते डोळ्यांनी बघा. तिसऱ्या रांगेत बसणार आहेत तुमची दोन मुलं.

सिलिंडरचं आणखी एक. सीएनजीच्या सिलिंडरची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. सिलिंडर गाडीवरून उतरवतात, पाण्याचा दाब देऊन तपासतात, प्रमाणपत्र देतात आणि तारखेची धातूची पाटी लावतात. प्रमाणपत्रावरचा सिलिंडर नंबर आणि सिलिंडरवर कोरलेला नंबर एकच आहे का, हे जुळवा. मालक म्हणतील, ‘पंपावर कोण विचारतंय?’ विचारोत न विचारोत, २०० बारच्या दाबाचा गॅस तुमच्या मुलांच्या पाठीशी असणार आहे. २०१८च्या गाडीची एव्हाना निदान दोनदा टेस्ट झालेली असायला हवी. एकही कागद निघाला नाही तर बाकीचं बघण्यात वेळ घालवू नका.

आता मुख्य गोष्ट. इको बघायला गेलात की आधी तिने कोणता धंदा केलाय ते शोधा. गाडी नंतर. अल्टो किंवा वॅगनआर बहुधा घरच्याच कामाला असते. इकोचं तसं नाही. मारुतीच्याच जुन्या व्हर्सा व्हॅनचं अंग घेऊन ती २०१० मध्ये आली आणि आल्या दिवसापासून शाळेची मुलं, भाजीचे क्रेट, केटरिंगची पातेली, कंपनीचा स्टाफ, सगळं वाहते आहे. पांढरी पाटी असली म्हणजे घरगुतीच वापर झाला असं आपल्याकडे म्हणता येत नाही. ‘फॅमिली युज’ हे जाहिरातीत लिहायला पैसे पडत नाहीत. आणि इकोत जे बिघाड निघतात ते बहुतेक तिच्या आधीच्या कामाचे असतात. काम कळलं की कुठे बघायचं तेही कळतं.

शाळेची मुलं वाहिलेली गाडी ओळखायला सोपी. खिडक्यांच्या चौकटीवर बोट फिरवा. आडवे गज बसवले होते ते काढले की स्क्रूची भोकं राहतात. एम-सीलने बुजवून वर रंग मारलेला असतो, पण बोटाला खडबडीत लागतं. दार सरकवून आतली कड बघा, तिथे जुना पिवळा रंग सापडतो का. रबराचं बीडिंग जरा ओढून त्याच्याखाली बघा, रंगारी तिथवर ब्रश नेत नाही. अशा गाडीचं डाव्या बाजूचं सरकतं दार सगळ्यात आधी जातं. रोज सकाळ-दुपार पन्नासदा उघडलेलं दार खालच्या रोलरवर बसतं, मग मागून किंचित खाली झुकतं आणि लावताना शेवटच्या चार बोटांवर धक्का द्यावा लागतो. सासूबाईंना सोबत न्या आणि त्यांनाच आतून दार उघडून लावायला सांगा. त्यांना जमलं तर दार ठीक आहे. मेकॅनिकच्या हाताला ते जमणारच, त्यावर जाऊ नका.

माल वाहिलेली गाडी. कोपरखैरणे म्हणजे वाशीचं एपीएमसी मार्केट हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हा संशय मला आधी येतो. पहाटे सीट काढून घरी ठेवायच्या, क्रेट भरायचे, दुपारी सीट पुन्हा बसवायच्या, असं सर्रास चालतं. मधल्या आणि मागच्या सीटचे बोल्ट बघा. वर्षानुवर्षं न हललेल्या बोल्टवर धूळ आणि गंज चढलेला असतो. वारंवार काढलेल्या बोल्टची डोकी पान्याने घासून चकचकीत झालेली असतात, एखादा बोल्ट दुसऱ्याच मापाचा असतो. मग मॅट उचला. खालचा पत्रा सपाट आहे की क्रेटच्या कोपऱ्यांनी जागोजागी खड्डे पडलेत? मागच्या चाकांवरच्या कॉइल स्प्रिंगमध्ये रबराचे जाड बफर घातलेले दिसले तर गाडीवर क्षमतेपेक्षा जास्त वजन पडत होतं असं समजा. घरच्या माणसाला ते बफर लागत नाहीत.

मासळी वाहिलेली गाडी मात्र घेऊच नका, फुकट मिळाली तरी. वासाचं मी बोलत नाही, वास घालवतात. बर्फाचं खारं पाणी मॅटखाली जातं, तिथून पत्र्याच्या जोडात मुरतं आणि पत्रा आतून खातं. वरून नवं मॅट, खालून ताजं डांबरासारखं काळं कोटिंग. विकायच्या आठवड्यात मारलेलं असं कोटिंग दिसलं की गाडी गॅरेजच्या पिटवर (खालून बघायच्या खड्ड्यावर) घ्यायला सांगा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणक वाजतो, खाल्लेला पत्रा थप्प वाजतो. सरकत्या दाराची खालची पट्टी, मागच्या चाकांच्या कमानी आणि जॅक ठेवायची जागा, ही तीन ठिकाणं हमखास.

मॅट उचललंच आहे तर पुराचंही बघून घ्या. ठाणे-कल्याण-बदलापूर पट्ट्यात पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी शिरणं काही नवं नाही. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गाडी धुतात, सीट धुतात, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतलं टोक कुणी धूत नाही. पाणी शिरलेलं असेल तर तिथे मातीची रेघ सापडते. तिसऱ्या रांगेला पट्टे आहेत का, तेही कळेल. सीट सरकायच्या रुळांवर आतून गंज असेल तर तोही पाण्याचाच.

५८ हजारांबद्दल. मीटर मागे फिरवणं हा आपल्याकडे अर्ध्या तासाचा खेळ आहे, त्यामुळे आकड्याकडे मी कौतुकाने बघत नाही. क्लचच्या पेडलचं रबर, गिअरच्या गोळ्यावरचे आकडे, ड्रायव्हर सीटचा दाराकडचा फोम. ५८ हजारांत रबर गुळगुळीत होत नाही. त्याहून चांगला उपाय म्हणजे मालकांनाच सांगा की अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीच्या नंबरवर सर्व्हिस हिस्टरी काढून द्या. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात. २०२१ मध्ये सत्तर हजार आणि आज अठ्ठावन्न, असं काही निघालं तर पुढचं बोलायलाच नको. हिस्टरी मध्येच तुटलेली असेल तर का, ते विचारा. वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या गॅरेजला जाणं यात काही गैर नाही, बिलं मात्र दाखवता यायला हवीत.

आता इकोचं खास दुखणं: सायलेन्सर. तुम्ही पेपरात वाचलंही असेल. इकोच्या सायलेन्सरची चोरी हा काही वर्षांमागे गुजरात-महाराष्ट्रात धंदाच झाला होता, आपल्याकडेही पोलिसांनी टोळ्या पकडल्या. चोरांना सायलेन्सरशी देणंघेणं नसतं. त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा लेप असतो, त्याची भुकटी विकली जाते. इको जमिनीपासून उंच, खाली माणूस सहज सरकतो, चार बोल्ट सोडले की काम झालं. मग मालक काय करतो? कंपनीचा नवीन बसवायचा तर महाग, म्हणून बाजारातला पोकळ डबा लावतो. गाडी चालते, किंचित जास्त आवाज करते, बाकी काही नाही. भुर्दंड पुढच्या मालकाला.

तुम्ही हे असं तपासा. गाडी थंड असताना मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली वाका. इंजिनाकडून मागे जाणारा पाइप बघत जा. सगळा पाइप तांबूस जुना आणि मध्येच एक तुकडा नवा, किंवा जोडावर वेल्डिंगचे फुगे, किंवा पाइपच्या जोडाच्या जुन्या चकतीला (फ्लँजला) चकचकीत बोल्ट, यातलं काही दिसलं की विचारा. कंपनीचा बदललेला असेल तर बिल असेल. मग चावी फिरवा, स्टार्ट करू नका. डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला पाहिजे, आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलाय. शेवटी ट्रायलच्या वाटेवर कुठल्याही पीयूसी केंद्रावर गाडी उभी करा आणि तुमच्यासमोर नवीन पीयूसी काढा, पेट्रोलवर एकदा आणि सीएनजीवर एकदा. मालकांकडे आधीचं पीयूसी असेल. असू दे.

ट्रायलला सकाळी जा आणि जाताना ‘निघालोय’ असा फोन करू नका. इंजिन थंड हवंय. इकोचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं, बॉनेट उघडून काही कळत नाही. सीट उचलायला सांगा. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा; त्याला दुधावरच्या सायीसारखा पांढुरका चिकट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जातंय. कूलंट हिरवा किंवा निळा असावा, चहाच्या रंगाचा असेल तर गाडीत साधं पाणी भरत होते. रेडिएटर पुढे आणि इंजिन मध्ये, अशी लांब वाट असल्यामुळे होज पाइप कुठे ओले आहेत का, तेही बघा. आता स्टार्ट. पहिल्या धुराकडे बघायला मोठ्या मुलाला मागे बाजूला उभं करा. सकाळच्या गारव्यात जराशी पांढरी वाफ चालते. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल पितंय.

गाडी पेट्रोलवर चालवायला मागा. हे फार महत्त्वाचं. सीएनजीवाले पेट्रोल नावाला ठेवतात, टाकी सतत कोरडी राहिली की टाकीतला पेट्रोल खेचणारा पंप जळतो, इंजेक्टर चोक होतात, आणि वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही. मालक म्हणाले, ‘पेट्रोल नाहीये टाकीत’, तर तुम्ही शंभर-दोनशेचं घाला. कंजुषी करायची ही जागा नाही.

कोपरखैरण्याहून ठाणे-बेलापूर रोडने बेलापूरला जा. आरामात पन्नास-साठचा वेग मिळेल. इको मागच्या चाकांवर चालते, इंजिनापासून मागे प्रॉपेलर शाफ्ट म्हणजे फिरणारा लांब दांडा जातो, शेवटी डिफरेन्शियल, म्हणजे मागची चाकं फिरवणारी दात्यांची पेटी. यातलं काही झिजलं असेल तर आवाज मागच्या सीटवर जास्त कळतो, म्हणून तुम्ही मागे बसा आणि यजमानांना चालवू द्या. एसी-रेडिओ बंद. निघताना किंवा गिअर बदलताना पायाखाली टक् असं वाजलं तर शाफ्टचा क्रॉस (त्याचा सांधा) गेलाय. ती किरकोळ दुरुस्ती, किमतीत वळती करून घ्या. पन्नासच्या पुढे घूंऽऽ असा सूर लागला, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर तो सूर बदलला, तर डिफरेन्शियलचे दाते गेलेत. ती किरकोळ नाही.

बेलापूरला पोचलात की पारसिक हिलवर गाडी चढवा. तुम्हाला माळशेज घाट चढायचाय. माळशेजला जाऊन ट्रायल होणार नाही, पण पारसिकचा चढ पुरे आहे. घरातले सगळे आत बसलेले हवेत. अर्ध्या चढावर थांबा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवरचा पाय काढा, गाडी जागची हलता कामा नये. मग तिथूनच निघा. इंजिन ओरडतंय आणि गाडी सरकत नाहीये, असं झालं तर क्लच संपलाय. वर पोचल्यावर तापमानाचा दिवा बघा, इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं उभे राहा, कुठे पाणी किंवा ऑइल गळतंय का बघा. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सोडा आणि पायथ्याला ॲक्सिलरेटर दाबा. तेव्हा निळा धूर निघाला तर इंजिनातले ऑइल अडवणारे व्हॉल्व्ह सील गेलेत.

परतीला पाम बीच रोड घ्या. सरळ आणि बऱ्यापैकी गुळगुळीत रस्ता आहे. ६० ची मर्यादा पाळूनही स्टिअरिंग थरथरतंय का, गाडी एका बाजूला ओढतेय का, हे कळतं. आणि हो, २०१८च्या इकोला पॉवर स्टिअरिंग नाही. पार्किंगमध्ये गाडी वळवताना ते जड लागणारच, तो बिघाड नव्हे. तुम्ही स्वतः चालवणार असाल तर कळव्याच्या तुमच्या गल्लीत वळवता येईल का, हे एकदा हाताने अजमावून बघा.

टायर, बॅटरी, वायपर यांच्यावर फार जीव आटवू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २२१८ म्हणजे टायर गाडीबरोबरचेच, ते बदलावे लागणार. तेवढी रक्कम वजा करून मागा, झालं. एसी पुढेच गार करतो, तिसऱ्या रांगेला वारा पोचेल ही आशा सोडा.

कागदपत्रांचं लांबण लावत नाही. परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाका: मालकाचा क्रमांक खरंच १ आहे का, वाहनाचा वर्ग मोटार कारच आहे का, बँकेचा बोजा आहे का. गाडी आधी टी परमिटवर (टुरिस्ट, पिवळ्या पाटीवर) होती आणि मग पांढरी करून घेतली, असं असेल तर तेही आरसीच्या इतिहासात दिसतं. तसं असणं गुन्हा नाही, पण मग किंमत ३ लाख ६० हजार नव्हे. थकलेले ई-चलान आधी मालकांनी भरायचे. गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची आहे, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली हवी. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० पुरतात, बोजा असेल तर तो उतरवायला बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ही लागतो. नाव लावायला तुम्हाला ३० दिवस असतात, विमा मात्र १४ दिवसांच्या आत नावावर करा. मालकांचा नो क्लेम बोनस त्यांच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही. तेव्हा ‘विम्यात सूट आहे’ हे किमतीत धरू नका. चॅसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा, फोटोवर विसंबू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, इको घ्यावी का.

सहा माणसं, कमी बजेट, वर्षातून सात-आठदा गाव आणि एरवी स्टेशन-दवाखाना, यासाठी इकोइतकी कामाची गाडी या पैशात दुसरी नाही. पार्ट कुठेही मिळतात, मुरबाडचा मेकॅनिकसुद्धा डोळे मिटून दुरुस्त करेल. सरकतं दार सासऱ्यांच्या गुडघ्यांना सोयीचं पडेल, पायरी तेवढी जास्तीची बसवून घ्या. हे सगळं खरं. पण २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या धडक चाचणीत बिना-एअरबॅगच्या इकोला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले होते. ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) २०१९ मध्ये आले. तुमची गाडी त्याच्या आधीची. चार मोठे आणि दोन लहान घेऊन माळशेजच्या धुक्यात जायचं, तर माझं मत असं: तीस-चाळीस हजार जास्त जात असतील तर जाऊ द्या, २०१९च्या मार्चनंतरची, कंपनीची सात सीटर, निव्वळ पेट्रोलवरची घ्या. एसी नसेल. सीएनजीचे वाचणारे पैसे तुमच्या वापरात एवढे मोठे नाहीत, आणि तिसरी रांग मोकळी मिळते. फक्त ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेली गाडी असेल तर एक काम करा. स्टिअरिंगच्या टाय रॉडमधल्या (चाकं वळवणाऱ्या दांड्यातल्या) दोषासाठी मारुतीने २०२३ मध्ये एस-प्रेसो आणि इको मिळून ८७,५९९ गाड्या परत मागवल्या होत्या. चॅसिस नंबर देऊन विचारा की या गाडीचा तो पार्ट बदलला का. काम फुकट होतं, पण बऱ्याच मालकांना पत्ताच नसतो.

पाच सीटर घेऊन सहाजण दाटीवाटीने बसवू, असं यजमान म्हणतील. नको. सीएनजीच्या पाच सीटरमध्ये सामान ठेवायलाही जागा नसते, मग बोजा टपावर कॅरियरवर जातो आणि मुळातच उंच-अरुंद गाडी घाटाच्या वळणावर डोलायला लागते.

राहिली ओळखीची गोष्ट. भीड भिकेची बहीण, हे तुमच्या सासूबाईंनीही ऐकलं असेल. तपासणीचा राग येणारा विकणारा मला आजवर पटलेला नाही. ज्याची गाडी चांगली असते तो स्वतःच सीट उचलून दाखवतो. नणंदेच्या यजमानांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तपासणीचं तुमच्यावर घ्या. ‘माझे पैसे आहेत, मला धाकधूक आहे, गॅरेजला एकदा दाखवू द्या’ एवढं म्हणा. घरातल्या बाईने असं म्हटलं की पुरुष मंडळी वाद घालत नाहीत, आणि यजमानांचीही पत राहते. गॅरेज मात्र तुमच्या ओळखीचं निवडा, मालकांनी सुचवलेलं नको. तपासणीचे पैसे तुम्ही द्या. इंजिनाचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजायला आणि गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा, सीएनजीच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतायत का ते बघायला सांगा. पाऊण तासाचं काम आहे.

दसऱ्याला टोकन द्यायचंच असेल तर पाच हजारांच्या वर देऊ नका, रोख देऊ नका, आणि व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून त्यांच्याकडून ‘ओके’ घ्या: आरसीवरची आसनक्षमता आणि इंधन गाडीशी जुळलं नाही, किंवा हायड्रो टेस्टचा कागद मिळाला नाही, तर टोकन परत. त्याआधी आरसीच्या दोन्ही बाजूंचा, सिलिंडरवरच्या पाटीचा आणि सायलेन्सरच्या जोडाचा फोटो मला पाठवा. नंबर प्लेट झाकलीत तरी चालेल.